काळं पाणी निळं कसं झालं

बुधवारी संध्याकाळी चाकणहून निघालेली कंपनीची बस तळवड्याच्या चौकात अडकते, तेव्हा आतले सगळे अंगठे एकाच लयीत वर सरकत असतात. भोसरी-चाकण पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांना गुरुवारची सुट्टी. वीज मंडळाने कधीकाळी वाटून दिलेला हा वार आता आमच्या अंगवळणी पडला आहे, त्यामुळे आमचा शनिवार बुधवारीच येतो. अशाच एका बुधवारी शेजारच्या पोराने फोन माझ्यापुढे धरला. "काका, हे बघा. आपल्याकडचंच आहे म्हणे." पांढरी वाळू, हिरवट निळं पाणी, आणि पाणी इतकं नितळ की होडी हवेत तरंगते आहे असं वाटावं. खाली लिहिलं होतं, 'मालवण'. मी मालवणला चार वेळा गेलो आहे. ती होडी फिलिपिन्सची असेल, थायलंडची असेल, मालवणची नक्कीच नव्हती. पण पोरगं बीड जिल्ह्यातलं, आयटीआय करून इथे आलेलं, महाळुंग्याला चौघांत मिळून एक खोली. समुद्र त्याने प्रत्यक्ष पाहिलेलाच नव्हता. फोनमध्ये मात्र रोज पाहत होता.

डिजिटल माध्यमांनी बेटांचं पर्यटन कसं घडवलं, हा प्रश्न पाहायला आमचा हा पट्टा सोयीचा आहे तो यासाठी. इथे समुद्र नाही, बेट नाही, पण बेटावर जायची इच्छा भरपूर आहे, आणि ती जवळजवळ सगळीच्या सगळी फोनमधून आलेली आहे. डीलरांच्या मीटिंगा आता बालीला होतात, लग्नाआधीचं शूटिंग गोव्याला, मधुचंद्र मालदीवला किंवा हप्त्यावर अंदमानला. माझ्या लग्नात महाबळेश्वर म्हटलं तरी लोक कौतुकाने बघायचे.

मराठी माणसाच्या मनातलं पहिलं मोठं बेट म्हणजे अंदमान, आणि ते मनात बसवलं एका पुस्तकाने. सावरकर 1911 साली सेल्युलर जेलमध्ये पोचले आणि 1921पर्यंत तिथे होते. 'माझी जन्मठेप' 1927 साली पुस्तकरूपाने आलं. त्यानंतर दोन-तीन पिढ्यांसाठी अंदमान म्हणजे कोलू, काथ्या, कोठडी आणि काळं पाणी. समुद्र त्या चित्रात होता, पण तो भिंतीसारखा होता. मराठी सहल कंपन्यांनी अंदमान खुलं केलं तेही याच वाटेने. आधी जेलमधली ती कोठडी, तिथे डोळे पुसायचे, मग उरलेल्या दिवसांत समुद्र. माझे वडील तसेच गेले होते. परत आल्यावर त्यांनी आम्हांला कोठडीचे फोटो दाखवले. समुद्राचा एकच होता, तोही बोटीच्या कठड्याशी आईचा.

आज कोणाच्याही फोनवर अंदमान उघडा. आधी येतो हॅवलॉकचा राधानगर किनारा, ज्याला 'टाइम' मासिकाने 2004 साली आशियातला सर्वोत्तम म्हटलं होतं, मग काचेच्या तळाची बोट, मग प्रवाळ. जेल येतं ते रात्रीच्या ध्वनिप्रकाश कार्यक्रमाच्या वीस सेकंदांत. हॅवलॉकचं नाव 2018च्या डिसेंबरात स्वराज द्वीप झालं, पण रीलवर हॅवलॉकच चालतं, कारण लोक शोधतात तेच नाव. त्याच बेटसमूहाचं पाणी एका पिढीत काळ्याचं निळं झालं. यात वाईट काही आहे असं मला वाटत नाही. तिथे राहणाऱ्या माणसांना आपलं घर म्हणजे कायम तुरुंग, ही ओळख काही सुखाची नसणार. पण जुन्या चित्रात बेटावर माणसं होती, भले ती साखळदंडातली का असेनात. नव्या चित्रात बेट रिकामं असतं.

हे रिकामं बेट आलं कुठून? थोडं तंत्रज्ञानातून. 2016च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि व्हिडिओ फुकटात जमा झाला. 2020च्या जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली आणि जुलैत इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केल्या. आडवं चित्र उभं झालं. उभ्या चौकटीत बेट मावत नाही. मावतं फक्त पाणी, आकाश आणि मधोमध पाठमोरी उभी एक व्यक्ती. शिवाय आतली गणितं अशी, की ज्या चित्रावर अंगठा थांबतो तेच चित्र आणखी हजारांना दाखवलं जातं. निळ्यावर अंगठा थांबतो. धक्क्यावरच्या गर्दीवर, बाटल्यांच्या ढिगावर, टँकरच्या रांगेवर तो थांबत नाही. कोणी खोटं बोलायचं ठरवलेलं नसतं, पण बाकीचं बेट आपोआप गळून पडतं.

सगळ्यात आधी गळतं ते गोडं पाणी. माझं म्हणणं एवढंच आहे, की बेटाभोवतीचं पाणी आपण आता कोट्यवधी वेळा पाहिलं आहे आणि बेटावरचं एकदाही नाही. बेट किती माणसं पेलेल ते ठरतं या दुसऱ्या पाण्यावर.

लक्षद्वीपचं उदाहरण घेऊ, कारण या साऱ्या प्रश्नाची आपल्याकडची मोठी परीक्षा तिथेच झाली. 2024च्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पंतप्रधान तिथे गेले, किनाऱ्यावरचे आणि स्नॉर्कलिंगचे फोटो त्यांनी एक्सवर टाकले. त्यावर मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी अपमानास्पद शेरे मारले. 7 जानेवारीला तिथल्या सरकारने त्यांना निलंबित केलं. तोवर इथे बहिष्काराचा हॅशटॅग पेटला होता. ईझमायट्रिपने मालदीवची विमान आरक्षणं थांबवल्याचं जाहीर केलं, मेकमायट्रिपने लक्षद्वीपचा शोध 3,400 टक्क्यांनी वाढल्याचं सांगितलं. या गडबडीत एका हिंदी नटाने 'आपली बेटं पाहा' म्हणून आवाहन केलं आणि सोबत फोटो लावला तो मालदीवचा. लोकांनी त्याची खिल्ली उडवली, पण मला तो अख्ख्या प्रकरणातला सगळ्यात प्रामाणिक क्षण वाटतो. निळं पाणी निळंच. कुठलं, याने चौकटीत काही फरक पडत नाही.

आता आकड्यांकडे. 2023 साली मालदीवला गेलेल्या परदेशी पर्यटकांत भारतीय पहिले होते, सुमारे 2 लाख 9 हजार. 2024मध्ये ते सुमारे 1 लाख 30 हजारांवर आले. म्हणजे हॅशटॅगने माणसं थांबतात, हे खरं. पण त्याच 2024 साली मालदीवला एकूण 20 लाखांहून जास्त पर्यटक गेले, आधीच्या वर्षाहून अधिक. भारतीयांची जागा चिनी आणि इतरांनी भरून काढली. आणि 2025च्या जुलैत पंतप्रधान मालदीवच्या स्वातंत्र्यदिनाला प्रमुख पाहुणे होते. ज्यांनी पोटतिडकीने तिकिटं रद्द केली, त्यांचे पैसे परत मिळाले की नाही, याचा हॅशटॅग काही निघाला नाही.

दुसऱ्या बाजूला लक्षद्वीप. एकूण 36 बेटं, वस्ती दहावर, जमीन अवघी 32 चौरस किलोमीटर. पिंपरी-चिंचवड महापालिकेचं क्षेत्रच 181 चौरस किलोमीटर आहे. म्हणजे आमच्या शहराच्या पाचव्या हिश्शालाही हा सगळा प्रदेश पुरत नाही. 2011च्या जनगणनेत लोकसंख्या 64,473. जायला परवाना लागतो, पोलिसांचा दाखला जोडावा लागतो. कोचीहून जहाजाने चौदा ते वीस तास. अगत्तीची धावपट्टी जेमतेम 1,200 मीटरची, छोटं एटीआर विमान उतरेल एवढीच. शोध 3,400 टक्के वाढला तरी धावपट्टी एका मीटरनेही वाढत नाही. 2024च्या उन्हाळ्याच्या तोंडावर बंगळूरहून आणि गोव्याच्या मोपाहून अगत्तीला विमानं सुरू झाली, तेवढाच काय तो दिलासा.

पाण्याची गोष्ट तर याहून अवघड. प्रवाळबेटाच्या वाळूत पावसाचं पाणी मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर पातळ थर होऊन तरंगतं. गोडं पाणी हलकं, म्हणून वर राहतं. जास्त उपसा केला की खालचं खारं वर चढतं आणि विहीर नासते. म्हणून चेन्नईच्या राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्थेने 2005 साली कवरत्तीला एक वेगळाच प्रकल्प उभा केला. वरचं कोमट समुद्रपाणी कमी दाबाखाली वाफवायचं, आणि साडेतीनशे मीटर खोलवरून ओढलेल्या थंड पाण्याने ती वाफ थिजवायची. रोज 1 लाख लिटर गोडं पाणी. मिनिकॉय आणि अगत्तीला 2011 साली तसेच प्रकल्प आले. माझ्यासारख्या कारखान्यात जन्म काढलेल्या माणसाला खरं तर हे बघायला जावंसं वाटतं, पण या यंत्रांची रील मला अजून दिसलेली नाही. रोज लाख लिटर ऐकायला खूप वाटतं. आमच्याकडे मोठ्या सोसायटीची टाकी दिवसाला तेवढी रिकामी होते.

मालदीवची स्थिती याहून नाजूक. 2014च्या डिसेंबरात राजधानी मालेच्या जलशुद्धीकरण केंद्रात आग लागली आणि लाखावर माणसं एका रात्रीत पाण्याविना पडली. तेव्हा भारताने विमानांतून आणि नौदलाच्या जहाजातून पिण्याचं पाणी पाठवलं. हॅशटॅगच्या दिवसांत दोन्हीकडच्या लोकांना ही गोष्ट आठवली असती तर भांडण थोडं गोड झालं असतं.

आणखी एक योगायोग. ज्या वर्षी देशभर लक्षद्वीप शोधलं जात होतं, त्याच 2024च्या उन्हाळ्यात तिथले प्रवाळ पांढरे पडत होते. समुद्राच्या उष्णतेच्या लाटेने प्रवाळ आपल्यातलं शेवाळ बाहेर टाकतो आणि रंग हरवतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तेव्हा तिथे मोठ्या प्रमाणावर हे झाल्याचं नोंदवलं. पांढरा प्रवाळ फोटोत सुंदर दिसतो, हीच अडचण. ज्याला माहीत नाही त्याला ती बर्फाची बाग वाटते.

जगात याचे नमुने भरपूर आहेत. बालीच्या लेंपुयांग मंदिराच्या 'स्वर्गद्वारा'त उभ्या माणसाचं प्रतिबिंब खालच्या तळ्यात पडल्याचे फोटो सगळ्यांनी पाहिले असतील. तिथे तळंच नाही. फोटो काढणारा स्थानिक माणूस फोनच्या भिंगाखाली छोटा आरसा धरतो. पर्यटक नंबर लावून तासन्‌तास बसतात आणि फरशीवर उभं राहून तळ्याकाठचा फोटो घेऊन जातात. आमच्या कंपनीचा एक सेल्समन डीलर मीटहून तसा फोटो घेऊन आला. आरशाचं त्याला माहीत होतं. म्हणाला, "सर, घरी कोण विचारतंय?" थायलंडची माया बे 2000 सालच्या 'द बीच' सिनेमाने प्रसिद्ध केली, पुढचं काम फोनने केलं, 2018च्या जूनमध्ये ती बंदच करावी लागली. 2022मध्ये उघडली ती बोटींना समोरून मज्जाव करून आणि माणसं मोजून. मधल्या काळात काळ्या टोकांचे छोटे शार्क परत आले. फिलिपिन्सने बोराकाय हे अख्खं बेट 2018मध्ये सहा महिने कुलूपबंद केलं, कारण सांडपाणी सरळ समुद्रात जात होतं. बालीत न्येपीच्या दिवशी सगळं बेट गप्प असतं. 2018पासून त्या दिवशी मोबाइलचं इंटरनेटही बंद ठेवतात. हे मला फार आवडलं.

जिथे माणसांना पाहणंच धोक्याचं, तिथे कॅमेरा आणखी वाईट. 2012 साली ब्रिटनच्या 'ऑब्झर्व्हर'ने अंदमानच्या जारवा जमातीतल्या स्त्रियांना पर्यटकांसाठी नाचायला लावल्याचा व्हिडिओ बाहेर आणला, आणि अंदमान ट्रंक रोडवरची ती 'मानवी सफारी' देशाला दिसली. अंदमानच्याच उत्तर सेंटिनल बेटावर जायला पूर्ण बंदी असताना 2025च्या मार्चमध्ये एक अमेरिकन यूट्यूबर तिथे उतरला, शीतपेयाचा डबा आणि नारळ ठेवून, चित्रीकरण करून परतला आणि पकडला गेला. बाहेरच्या साध्या सर्दीनेही ज्या जमातीचा घात होऊ शकतो, तिच्या किनाऱ्यावर हा माणूस प्रेक्षक मिळवायला गेला होता.

आता घरचं. बीडच्या त्या पोराने आणि खोलीतल्या तिघांनी शेवटी मालवण गाठलंच, आणि 'काका, तुम्हांला माहिती आहे' म्हणून मलाही ओढलं. गुरुवारला एक रजा जोडली, भाड्याचा ट्रॅव्हलर, कोल्हापूर मार्गे साडेतीनशेच्या वर किलोमीटर. पहाटे चहाला थांबलो तेव्हा मी त्यांना सांगितलं, बरं झालं डिसेंबरात निघालो. रीलला महिना नसतो. जुलैत कोणी डिसेंबरची रील टाकतो आणि पोरं भर पावसात निघतात; मालवणला पोचल्यावर समुद्र गढूळ, आणि सिंधुदुर्गाची होडी मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद.

देवबागला कर्लीच्या खाडीच्या तोंडाशी जे 'त्सुनामी बेट' आहे, तो खरं तर वाळूचा पट्टा. भरती-ओहोटीप्रमाणे वर येणारा, खाली जाणारा. 2004च्या त्सुनामीशी त्याचं नाव जोडलं गेलं आणि नावानेच अर्धी जाहिरात केली. आज तिथे जेट स्की, बनाना राइड, कांदाभजी आणि मॅगी. गंमत नाकारायची नाही. आमची पोरं मनापासून ओरडत होती. आणि हेही लिहिलं पाहिजे, की मधल्या दलालाला वगळून देवबाग-तारकर्लीच्या घरगुती निवासांना गिऱ्हाईक मिळालं ते फोनमुळेच. आमची यजमानीण व्हॉट्सअॅपवर सगळं बुकिंग घेते, सुरमई किती आली ते सकाळी आठलाच फोटोसकट सांगते. तिचा नवरा आधी मासेमारीत होता, आता त्याची होडी पर्यटकांची. मासे कमी मिळू लागले तेव्हा हे काम हाताशी आलं, असं तो म्हणाला. त्याच समुद्राचा 29 चौरस किलोमीटरचा भाग 1987 साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला, त्याला मच्छीमारांनी विरोध केला होता. आता मासा जिवंत असण्यातच पर्यटनाचे पैसे आहेत, हे किनाऱ्याला कळलं आहे, पण ते अभयारण्यातून कळलं की गोप्रोमधून, हा प्रश्न मला पडतो.

स्कुबा मीही केलं, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी. दहा मिनिटं. हात धरून खाली नेणाऱ्या मुलाने मला खूण केली, मुठीतला पावाचा चुरा सोडला आणि पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे माझ्या तोंडावर आले. त्याच क्षणी दुसऱ्याने कॅमेरा चालवला. वर आल्यावर एक जण म्हणाला, "काका, तुमची रील भारी झाली." खाली प्रवाळ होता की नुसता खडक, ते मला आज आठवत नाही, मी कॅमेऱ्याकडे बघत होतो. तारकर्लीला पर्यटन विकास महामंडळाची रीतसर स्कुबा प्रशिक्षण संस्था आहे, तिथे शिकलेली स्थानिक मुलं उत्तम आहेत. दहा मिनिटांचा धंदा त्यांनी नाही, आपण मागितला. आणि याच तारकर्लीला 2022च्या मेमध्ये परतणारी पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला, हेही कोणी रीलच्या खाली लिहीत नाही.

घारापुरीचं तर आणखीच. लेणी 1987पासून जागतिक वारसा. पण मुंबईच्या गेटवेपासून तासाभरावरच्या त्या बेटावर समुद्राखालून वीज पोचली ती 2018च्या फेब्रुवारीत. त्याआधी पर्यटक परतले की बेट जनरेटरच्या वेळापत्रकावर. 2024च्या 18 डिसेंबरला घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची चाचणीतली वेगवान बोट आदळली आणि 15 माणसं गेली. बोटीवरचा एक प्रवासी ती घिरट्या घालणारी स्पीडबोट फोनवर टिपत होता. त्यालाही ती कसरत वाटली असणार. तोच व्हिडिओ पुढे जगाने पाहिला. त्यानंतर लाइफ जॅकेटची सक्ती झाली. म्हणजे कॅमेऱ्याने गर्दी जशी आणली, तशी जबाबदारीही कोणाच्या तरी दारात नेऊन ठेवली.

हे सगळं समुद्राचंच दुखणं आहे असंही नाही. आमच्या दारात, इंद्रायणीवरच्या कुंडमळ्याला, 2025च्या 15 जूनला रविवारी जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला आणि चौघे गेले. पावसाळा आला की जिल्हाधिकारी मावळातल्या धबधब्यांवर बंदीचे आदेश काढतात, आणि लोक त्या आदेशाच्या फलकापुढेच सेल्फी काढतात. उलट चाकणचा संग्रामदुर्ग बघा. 1660 साली फिरंगोजी नरसाळ्याने शायिस्तेखानाच्या फौजेला पन्नासवर दिवस झुंजवलं तो हा भुईकोट, आमच्या बसच्या रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर. तिथे पाणी नाही, निळं काही नाही, म्हणून गर्दीही नाही. मालवणला जाणाऱ्या आमच्या चौघांपैकी एकानेही तो पाहिलेला नव्हता.

सगळेच पंधरा सेकंदांत उरकत नाहीत. 'कोकणी रानमाणूस'सारखी यूट्यूब वाहिनी आहे. तिथे झरा कुठून येतो, वाडीत काय पिकतं, घरात काय शिजतं, हे सावकाश दाखवतात, आणि लोक ते बघतात. बघणाऱ्यांचा धीर संपला आहे, हे म्हणणं मला पटत नाही. दाखवणाऱ्यांचाच संपला असावा.

शेवटच्या दिवशी सिंधुदुर्गावर गेलो. कुरटे बेटावर 1664 साली बांधकाम सुरू झालं. 2025च्या जुलैत मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांत त्याला जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यामुळे धक्क्यावर नवा फलक आणि जुनीच रांग. तटावरून पोरांनी वीस-पंचवीस रील्स काढल्या. मी त्यांना आत नेलं, दूधबाव, साखरबाव, दहीबाव दाखवल्या. भर समुद्रात, चारी बाजूंनी खारं, आणि या तीन विहिरींना गोडं पाणी. त्यांनी डोकावून पाहिलं, 'अरे वा' म्हणाले आणि परत तटाकडे गेले. उन्हात विहीर फोटोत काळी दिसते.

संध्याकाळी बीडचं पोरगं आईला फोन लावून किनारा दाखवत होतं. स्पीकर चालू होता. त्यांच्या गावाला मार्चपासून टँकर येतो, हे मला त्याच्याकडूनच कळलं होतं. माय बराच वेळ बघत राहिली असावी. मग म्हणाली, "एवढं पाणी! गोड हाय का रं?"

"खारं हाय, माय. पण किल्ल्यात हिरी हायत, तिचं गोड हाय."

"मंग ती दाव की."

त्याने फोनमधले फोटो चाळले. तट होता, दरवाजा होता, होडी होती, आम्ही सगळे होतो. विहिरीचा एकही नव्हता.